जुन्या अमेरिकन भूतकथा वाचून भीती का वाटत नाही? सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही धारप-मतकरी वाचत मोठे झालात. कुणीतरी म्हणालं अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो वाच, सगळ्याचं मूळ तिथे आहे, म्हणून फोनवर 'द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर' उघडलीत, लोकलमध्ये येता-जाता चार दिवसांत संपवलीत आणि शेवटी "एवढंच?" असं झालं. मग नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राउन' वाचलीत, त्यात तर भूत कुठे आहे तेच सापडलं नाही. आता तुम्ही विचारताय की माझं इंग्रजी कमी पडतंय, की या कथाच शिळ्या झाल्यात, की लोक उगाच मोठं मोठं म्हणतात? आणि परत सुरुवात करायची तर कुठून करू?

मी तालुक्याच्या कॉलेजात २२ वर्षं अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवला, यातल्या काही कथा दिवाळी अंकांसाठी मराठीत केल्या, आणि आता महिन्यातून एकदा आमच्या घरी दहा-बारा जण जमतात त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. त्यामुळे "भीतीच नाही वाटली" हे वाक्य मी दरवर्षी नव्या पोरांच्या तोंडून ऐकलंय आणि ते खरं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. (पुढे काही कथांचे शेवट येतील. ज्यांचे सांगू नयेत त्यांचे सांगणार नाही.)

मला वाटतं तुमचा प्रश्न इंग्रजीचा नाहीये. तुम्ही भूत शोधताय आणि आपल्या सवयीने शोधताय. आपल्याकडे भुताला पत्ता असतो ना. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, कोकणात देवचार वेशीवर, कुणाची पावलं उलटी, कुणाला काय वाहायचं, कुठल्या तिथीला कुठून जायचं नाही, हे सगळं आजीने आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग कथेत कुणी अमावास्येला त्या विहिरीकडे निघाला की आपल्या पोटात गोळा येतो, कारण नियम आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही. या अमेरिकन कथांमध्ये बहुतेक वेळा असा नियमच दिलेला नसतो. तिथे एक माणूस आपल्याला काहीतरी सांगत असतो, आणि भीती असते ती त्याच्या सांगण्यात. तो काय बघून न बघितल्यासारखं करतोय, कुठे घाईघाईने पुढे सरकतोय, कुठे नको तितकं समजावतोय, तिथे. म्हणून मी पोरांना एकच सांगायचे, भुताकडे नंतर बघा, आधी सांगणाऱ्याकडे बघा.

तुमच्या 'अशर'वरच दाखवते. गोष्ट सांगणारा रॉडरिकचा शाळेतला मित्र, पत्र आलं म्हणून घोड्यावरून आलेला. आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो कारण त्या घरात तो एकटाच शहाणा वाटतो. रॉडरिकची जुळी बहीण मॅडलिन मरते, दोघं मिळून तिला घराखालच्या तळघरात ठेवतात, आणि शवपेटीचं झाकण लावायच्या आधी हा मित्र तिच्याकडे बघतो. तिच्या चेहऱ्यावर हलकीशी लाली आहे. तो ती बघतो, आपल्याला सांगतो, वर हेही सांगतो की अशा आजारात असं होतंच, आणि झाकणाचे स्क्रू पिळतो. हे एका परिच्छेदात होऊन जातं. तुम्ही लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे ते वाचलं असणार आणि निसटलं असणार. पुढे रात्री वादळात दाराशी ती उभी राहते तेव्हा आपण दचकतो, पण मला विचाराल तर कथेतली खरी भयानक जागा ती लाली आहे, कारण त्या क्षणी दोन पुरुषांपैकी एकालाही थांबावंसं वाटलं नाही. आणि तो मित्र, आपला शहाणा मित्र, शेवटी पळून जातो आणि ही गोष्ट आपल्याला अगदी सभ्य भाषेत सांगतो.

दुसरी गोष्ट भिंतीतली चीर. सुरुवातीला तो सांगतो की घराच्या दर्शनी भागात छपरापासून खाली तळ्याच्या पाण्यापर्यंत नागमोडी जाणारी एक बारीक चीर आहे, निरखून बघणाऱ्यालाच दिसेल अशी. मग अख्खी कथा तो त्या चिरेचं नाव काढत नाही. शेवटी त्याच चिरेतून लालभडक चंद्र दिसतो, ती रुंद होत जाते, घर दुभंगतं आणि तळ्यात जातं. हे मराठीत करताना मला एक गंमत सापडली. इंग्रजीत 'हाऊस' म्हणजे इमारत पण आणि घराणं पण, दोन्ही अर्थ पोला हवे होते. आपल्याकडे तर वाक्प्रचारच आहे, "घर बुडालं". आपण ते वंश संपला, वाताहत झाली या अर्थाने म्हणतो, आणि इथे घर शब्दशः पाण्यात बुडतं. माझ्या भाषांतराचं नाव मी तेच ठेवलं होतं. एका दिवाळी अंकाने ते बदलून भुताचं काहीतरी चटकदार नाव दिलं, वर शेवटी भूत नीट दिसलं पाहिजे म्हणून दोन वाक्यं स्वतःची घातली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण वाचणाऱ्याला ती चीर शोधायची संधीच राहिली नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगते.

पहिलं म्हणजे तुम्ही वाचता कसं. पोने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथासंग्रहावर लिहिताना स्पष्ट मांडलंय की कथा एका बैठकीत वाचून झाली पाहिजे, अर्धा तास ते फार तर दोन तास, कारण मधे उठलं की जगाचे व्यवहार आत घुसतात आणि जो एकच परिणाम लेखकाने बांधत आणलेला असतो तो मोडतो. त्याच्या कथेतलं प्रत्येक वाक्य त्या एका परिणामासाठी असतं. चार दिवसांत आठ तुकडे करून वाचली तर 'अशर'मध्ये उरतं काय, तर नुसतं वर्णन. ईडिथ व्हॉर्टनने १९३७ मध्ये स्वतःच्या भूतकथांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली, तिचंही म्हणणं हेच की भुताला दोन गोष्टी लागतात, शांतता आणि सलगपणा, आणि आजच्या मनाला या दोन्ही नकोशा झाल्यात. तेव्हा तिला रेडिओ आणि सिनेमाची धास्ती होती, आपल्या खिशात तर नोटिफिकेशन आहेत. त्यामुळे लोकलमध्ये वाचूच नका असं मी म्हणत नाही, पण पो तिथे वाचू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, घरचे झोपल्यावर एक तास काढा.

दुसरं, इंग्रजी. थोडं आडवं येतं हे खरं. पोची वाक्यं लांब, 'अशर'चं पहिलं वाक्यच आधी दिवस, मग ढग, मग घोड्यावरचा एकटा माणूस, मग माळरान आणि सगळ्यात शेवटी ते घर असं करत साठ शब्दांपर्यंत जातं, पण ते मुद्दाम आहे, वाचणाऱ्यालाही तेवढं अंतर चालायला लावलंय. सगळीच मंडळी अशी लिहीत नाहीत. पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांतला बिअर्स एकदम कोरडा आणि सोपा, गिलमन तर डायरीसारखी. तुम्ही नेमकी अवघड दारं आधी ठोठावलीत एवढंच.

तिसरं, आवड. काही लोकांना भूत डोळ्यांसमोर दिसलंच पाहिजे आणि त्यात कमीपणा काही नाही. अशांसाठीही या परंपरेत कथा आहेत, पुढे सांगते.

'यंग गुडमन ब्राउन'बद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण ती मागचा इतिहास माहीत नसेल तर खरंच हाती लागत नाही. हॉथॉर्न १८०४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला जन्मला. त्याच गावात १६९२ मध्ये चेटकिणींचे खटले चालले, १९ जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. आरोपींची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांपैकी एक जॉन हॅथॉर्न, हा या लेखकाचा थेट पूर्वज. त्या जॉनचा बाप विल्यम, त्याने क्वेकर पंथाच्या लोकांचा छळ केला होता. आता कथेकडे या. ब्राउन रात्री बायकोला सोडून जंगलात जातो, तिथे त्याला एक बाप्या भेटतो, हातात सापासारखी काठी. ब्राउन म्हणतो आमच्या घराण्यात असल्या वाटेला कुणी गेलं नाही. त्यावर तो बाप्या शांतपणे सांगतो की तुझ्या आजोबाला मी चांगला ओळखतो, सेलमच्या रस्त्यावरून त्या क्वेकर बाईला फटके मारत नेलं तेव्हा मीच मदतीला होतो. म्हणजे बघा, लेखकाने स्वतःच्या पूर्वजाचं पाप सैतानाच्या तोंडून, घरच्या ओळखीच्या सुरात वदवून घेतलंय. भूत तुम्हाला सापडलं नाही कारण ते जंगलात नव्हतंच, ते त्या "आमच्या घराण्यात असलं कुणी नाही" या वाक्यात होतं. पुढे जंगलात जे दिसलं ते स्वप्न की खरं हे हॉथॉर्न सांगत नाही, पण सकाळी घरी आलेला ब्राउन जन्मभर कुणावर विश्वास ठेवू शकत नाही, बायकोवरही नाही. हे १८३५ सालचं लिखाण आहे.

इथून माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. गॉथिक, म्हणजे भीती आणि गूढ यांच्या कथांचा हा प्रकार, इंग्लंडात १७६४ च्या सुमारास सुरू झाला तेव्हा त्याला किल्ले, मठ, भुयारं, सरदारांची शापित घराणी लागायची. अमेरिकेत यातलं काही नव्हतं. हॉथॉर्नने तर १८६० मध्ये एका कादंबरीच्या प्रस्तावनेत तक्रार केलीये की जिथे सावली नाही, प्राचीनता नाही, गूढ नाही, चित्रमय असा कुठलाही काळाकुट्ट अन्याय नाही अशा देशाबद्दल अद्भुत लिहिणं फार कठीण. मी ही ओळ वर्गात वाचायचे आणि खाली साल लिहायचे. १८६०. त्या वेळी त्या देशात जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती, आणि पुढच्याच वर्षी त्यावरून यादवी युद्ध पेटलं. अन्याय अंगणात होता, फक्त तो बघायला दुसरे डोळे लागणार होते.

ते डोळे चार्ल्स चेसनट या कृष्णवर्णीय लेखकाचे. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पो-हॉथॉर्नच्या यादीत बरेचदा येतच नाही, आणि माझ्या मते या सगळ्यात ज्याला आधी वाचायला हवं तो हाच. त्याची 'पोऽ सँडी', म्हणजे 'बिचारा सँडी', १८८८ मध्ये छापून आली. युद्धानंतर उत्तरेकडचं एक गोरं जोडपं नॉर्थ कॅरोलिनात द्राक्षाचा मळा घेऊन राहायला आलंय. बायकोला, ॲनीला, परसात नवं स्वयंपाकघर हवंय, नवरा म्हणतो जागेवर जुनी शाळा पडून आहे तिचंच लाकूड वापरू. उरलेल्या लाकडासाठी ते सॉ मिलवर जातात, सोबत ज्युलियस नावाचा म्हातारा, पूर्वीचा गुलाम. ओंडक्यात करवत घुसल्याचा आवाज होतो आणि ज्युलियस शहारतो. मग तो गोष्ट सांगतो.

सँडी इतका कामाचा गुलाम की मालकाची मुलं त्याला महिना-महिना आपापल्या मळ्यावर मागून नेतात. असाच एकदा तो बाहेर असताना मालक त्याची बायको देऊन टाकतो आणि दुसरी बाई घेतो. ही दुसरी टेनी, तिला मंत्रतंत्र येतो, आणि दोघांचा जीव जडतो. सँडी म्हणतो, झाड असतो, दगड असतो तर एका जागी तरी राहिलो असतो. टेनी त्याचं झाड करते. दिवसा पाइनचं झाड, रात्री माणूस. सुतारपक्ष्याने खोडाला भोक पाडलं तर रात्री त्याच्या दंडावर वण. कुणी टर्पेंटाइनसाठी साल काढली तर पायाला जखम. मग मालक टेनीला सुनेच्या आजारपणात दुसऱ्या गावी पाठवून देतो, सँडीला सांगायलाही वेळ मिळत नाही, आणि ती परत येते तर झाडाच्या जागी बुंधा. मालकाला नवं स्वयंपाकघर हवं होतं. ती धावत मिलवर जाते, ओंडका करवतीखाली लागलेला, ती त्याला मिठी मारून सांगते की मी मुद्दाम सोडून नाही गेले रे, माणसं तिला ओढून खांबाला बांधतात आणि तिच्या डोळ्यांदेखत करवत फिरते.

त्या स्वयंपाकघरात मग रात्री कण्हण्याचे आवाज येतात, ते पाडतात, त्याच लाकडाची शाळा बांधतात.

गोष्ट संपते तेव्हा ॲनी म्हणते, काय ती व्यवस्था, जिच्यात असं घडू शकत होतं! नवरा चकित, म्हणतो तू काय माणसाचं झाड होऊ शकतं हे खरं मानतेस? ती म्हणते, नाही नाही, ते नव्हे. या "ते नव्हे"वर मी दर वेळी थांबते, वाचताना आवाज जातो. नवऱ्याने भूत ऐकलं, बायकोने गोष्ट ऐकली. आणि त्याच रात्री ती म्हणते की मला त्या जुन्या लाकडाचं स्वयंपाकघर नको. ज्युलियसला ती जुनी शाळा आपल्या मंडळीच्या प्रार्थनेसाठी हवी असते, ती त्याला मिळते. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही अशा माणसाने भूतकथा सांगून एक छप्पर मिळवलं. सांगणाऱ्याकडे बघा म्हणते ते यासाठी. फक्त ज्युलियसचं बोलणं चेसनटने बोलीत लिहिलंय, डोळ्यांनी वाचलं तर अडखळायला होतं, ऐकलं की कळतं. लिब्रिव्हॉक्स या वेबसाइटवर वाचनं फुकट आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर मजकूर, समोर ठेवून ऐका.

बायकांनी लिहिलेल्या कथांबद्दल वेगळं सांगायचंय, कारण या परंपरेत घराच्या आतली भीती त्यांनी जेवढी ओळखली तेवढी कुणी नाही. शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर', १८९२. बाळंतपणानंतर मन खचलेली बाई, नवरा स्वतःच डॉक्टर, त्याने तिला विश्रांतीसाठी भाड्याच्या मोठ्या घरात वरच्या खोलीत ठेवलंय, लिहायला बंदी. गिलमनला स्वतःला १८८७ मध्ये एका नावाजलेल्या डॉक्टरने हीच विश्रांतीची ट्रीटमेंट दिली होती, दिवसातून दोनच तास डोकं चालवायचं आणि जन्मात परत पेनला हात लावायचा नाही. तीन महिने तिने ते पाळलं आणि वेडाच्या काठापर्यंत गेली, हे तिनेच पुढे लिहून ठेवलंय. कथेत ती बाई पिवळ्या वॉलपेपरमध्ये कुणीतरी रांगणारी बाई बघायला लागते.

वर्गात मी विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा भीती कुठे वाटली? बहुतेक सगळे म्हणाले वॉलपेपरमागची बाई. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, पलंग जमिनीला ठोकलाय तिथे." वर्ग गप्प. कारण खोलीचं वर्णन करताना ती बाई सहज सांगून जाते की खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत, पलंग खिळ्यांनी पक्का केलाय, आणि स्वतःची समजूत घालते की ही आधी मुलांची खोली असणार. त्या मुलीने विचारलं, मुलांच्या खोलीत पलंग कशाला ठोकतात? मी ती कथा तोपर्यंत सहा-सात वेळा शिकवली होती आणि माझ्या लक्षात हे असं कधी आलं नव्हतं.

मेरी विल्किन्स फ्रीमनची 'लुएला मिलर' तर तुम्हाला एकदम घरची वाटेल. गावात एक नाजूक, गोड बाई, तिला स्वतःचं काही करता येत नाही, जो जो तिची सेवा करतो तो झिजून मरतो, नवरा, नणंद, मोलकरीण, डॉक्टर, सगळे. रक्त पिणं वगैरे काही नाही. आणि हे सांगते कोण तर समोरच्या घरातली म्हातारी शेजारीण, ओट्यावर बसून सांगावं तशी. आमच्या गटात वाचली तेव्हा दोन बायका एकाच वेळी म्हणाल्या, अशी आमच्याकडे होती एक.

सांगणाऱ्याचं एक शेवटचं उदाहरण, भाषांतर करताना मलाच अडलेलं. पोची 'द टेल-टेल हार्ट', १८४३. सांगणारा पहिल्याच ओळीत म्हणतो की मी भयंकर अस्वस्थ होतो, आहे, पण म्हणून मला वेडं का म्हणता? आणि मग आपण किती शांत डोक्याने एका म्हाताऱ्याला मारलं ते पुरावा म्हणून सांगतो. मी वर्गात माझ्या आवाजात ती वाचायचे आणि एकदा एका मुलाने विचारलं, मॅडम, हा बाप्याच आहे कशावरून? मी परत बघितलं. इंग्रजीत "मी" आहे, बाई की पुरुष हे उघड कुठेच सांगितलेलं नाही. सगळे पुरुषच धरतात, आणि एक-दोन जागी तसं वाटतंही. पण मराठीत मला पहिल्या वाक्यातच ठरवणं भाग, होतो की होते, सुटका नाही. मी "होतो" केलं. आठवडाभर दोन्ही करून बघितलं होतं, "होते" केलं की कथा वेगळीच होते, म्हाताऱ्याची रात्रंदिवस सेवा करणारी कुणी बाई डोळ्यांसमोर येते. हे तुम्ही घरी करून बघा, दहा ओळी मराठीत आणा, सांगणाऱ्याचा श्वास कुठे वाढतो ते लगेच कळेल. मेलेल्याच्या काळजाचा आवाज तो कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा म्हणतो, ती उपमा कानात बसली की झोपताना भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवावंसं वाटतं.

मग सुरुवात कुठून? तुमच्यासाठी मी असं सांगेन. आधी फ्रान्सिस मॅरियन क्रॉफर्डची 'द अप्पर बर्थ', १८८६ च्या आसपासची. हा लेखक काही काळ अलाहाबादला एका इंग्रजी वर्तमानपत्राचा संपादक होता. जहाजावरची १०५ नंबरची केबिन, रात्री आपोआप उघडणारी गोल खिडकी, वरच्या बर्थवर ओलं काहीतरी. इथे भूत आहे, हाताला लागतं, धारपांच्या वाचकाला ही पहिल्या फटक्यात आवडेल. दुसऱ्या रात्री 'टेल-टेल हार्ट', मोठ्याने, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मग ॲम्ब्रोज बिअर्सची 'ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज', १८९० ची. हा माणूस यादवी युद्धात लढलेला, डोक्यात गोळी लागलेली, त्यामुळे फाशीच्या पुलावरची शिपायांची हालचाल तो हिशोबासारखी कोरडी लिहितो. यातही घड्याळ आहे, त्याच्या टिकटिकीकडे लक्ष ठेवा. शेवट सांगत नाही, कुणाला विचारूही नका. त्यानंतर 'लुएला मिलर', 'यलो वॉलपेपर', 'पोऽ सँडी' या क्रमाने, मग 'अशर' आणि 'ब्राउन' परत.

वॉशिंग्टन अर्विंगची 'स्लीपी हॉलो' भीतीसाठी वाचू नका, ती १८२० ची, मुंडकं नसलेल्या घोडेस्वाराची, पण खरी मजा त्या हावऱ्या मास्तरची आहे, ज्याला शेतातली जिवंत डुकरं ताटात भाजलेली दिसतात. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' सध्या बाजूला ठेवा. ती छोटी कादंबरीच आहे, २४ प्रकरणं, वाक्यं गुंतागुंतीची, आणि भुतं खरी की मुलांना सांभाळणाऱ्या-शिकवणाऱ्या त्या गव्हर्नेसच्या डोक्यातली यावर १९३४ पासून भांडणं चाललीयेत. वर्षभराने घ्या, तेव्हा ती तुम्हाला जास्त देईल. फॉकनरची 'अ रोझ फॉर एमिली' १९३० ची, तिथे अख्खं गाव "आम्ही" म्हणून गोष्ट सांगतं, आणि शेवटी उशीवर एक करड्या केसाची बट सापडते. ती वाचून झाल्यावर स्वतःला विचारा की या "आम्हां"ला आधी किती माहीत होतं.

आणि सगळ्यात शेवटी व्हॉर्टनची 'आफ्टरवर्ड', १९१०. ही बाई सत्ताविशीपर्यंत भुताचं पुस्तक असलेल्या खोलीत झोपू शकत नव्हती, अशी पुस्तकं जाळून टाकायची, तिने लिहिलेली कथा आहे ही. एक अमेरिकन जोडपं खाणीच्या धंद्यात पैसा मिळवून इंग्लंडात जुनं घर घेतं, आणि हौसेने विचारतं की इथे भूत आहे ना? शांत जागा बघून एका बैठकीत वाचा. संपली की फोन बाजूला न ठेवता लगेच पहिलं पान परत उघडा. पहिलंच वाक्य आहे, "आहे ना भूत, पण तुम्हाला ते कधी कळणार नाही." मग गच्चीवरचा प्रसंग पुन्हा वाचा, जिथे दोघं उभी असतात, खाली रस्त्यावरून एक माणूस येताना दिसतो आणि नवरा काहीतरी पुटपुटून घाईघाईने जिना उतरतो.

ते वाचून झालं की इथेच लिहा, तुम्हाला पहिल्यांदा भीती कुठे वाटली ते.